उसाचा भाव आणि पाण्याचे मोल

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास उसाचा लोभ फार, असे शहरातील सुशिक्षित मनुष्य दुष्काळाच्या वर्षी हटकून बोलून जातो. नळास आठवड्यातून एकदा पाणी येऊ लागले, की वर्तमानपत्रांतून हिरव्यागार उसाची छायाचित्रे झळकू लागतात. आणि एकीकडे पिण्यास पाणी नाही व दुसरीकडे सरीतून पाट वाहतो आहे, ह्याचे कारण शेतकऱ्याची हाव किंवा त्याचे अज्ञान हेच होय, असा निकाल चहाचा पेला संपण्यापूर्वीच लागतो. हा निकाल कितपत खरा आहे, हे पाहणे हा ह्या भाषणाचा उद्देश आहे. गुन्हेगार भलताच धरला, तर शिक्षा कितीही कडक दिली तरी चोरी थांबत नाही.

प्रथम चोरी केवढी आहे ती पाहिली पाहिजे. महाराष्ट्रात लागवडीखालील एकंदर क्षेत्राच्या चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्र उसाखाली असते, परंतु सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी तेवढेच क्षेत्र पिऊन टाकते, असे केंद्र सरकारच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात नमूद केलेले आहे. पाटपाण्याने भिजविलेल्या उसास हंगामभरात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. जुलै-ऑगस्टात लागण करून सोळा-अठरा महिने शेतात उभा ठेवावयाचा जो आडसाली ऊस, त्यास त्याहूनही अधिक. उलट ज्वारीचे पीक साडेचारशे-पाचशे मिलिमीटरांत हाती येते, आणि रब्बीची ज्वारी तर काळ्या रानातील ओलीवर व पहाटेच्या दवावरच बहुतांशी निभावून नेते. आता एक हेक्टर रानात अडीच हजार मिलिमीटर पाणी दिले तर ते किती झाले, हे गणित शाळेतील मुलासही सुटण्यासारखे आहे. ते अडीच कोटी लिटर होते.

आकडा मोठा झाला म्हणजे मनात भरत नाही. म्हणून तो दुसऱ्या एका गोष्टीशेजारी ठेवून पाहावा. १९१६ नव्हे, १८७६ नव्हे, तर २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहरास पिण्याचे पाणी रेल्वेगाडीने न्यावे लागले, हे पुष्कळांस आठवत असेल. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिल रोजी लातुरास पोहोचली. तिला दहा डबे होते आणि तीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून आलेल्या त्या पाण्याचे लोकांनी हार घालून स्वागत केले. अशा पन्नास गाड्या ओळीने उभ्या केल्या, म्हणजे त्यांतील एकंदर पाणी एका हेक्टर उसास एका हंगामापुरते होते. आणि त्या हंगामात त्याच मराठवाड्यातील साखर कारखाने ऊस गाळीत होते.

इथवर शहरातील मनुष्याचे म्हणणे खरे आहे. चोरी मोठी आहे. परंतु शेतकऱ्याच्या जागी बसून एकदा हिशेब मांडला, म्हणजे प्रकरणास निराळे वळण लागते.

ज्याच्यापाशी विहीर आहे किंवा पाटाची पाळी आहे, असा पाच एकरांचा एक धनी घ्यावा. तो कोणतेही पीक घेण्यास मोकळा आहे. भाजीपाला लावला, तर मालाची गाडी बाजार समितीत पोहोचेपर्यंत भाव कोठे असेल, हे ब्रह्मदेवासही सांगता येत नाही. कांदा लावला, आणि शहरात ओरड झाली, तर निर्यातीवर बंदी येते. २०२३ च्या डिसेंबरात ती आलीच होती. सोयाबीन व तूर ह्यांस सरकार हमीभाव जाहीर करते, पण त्या भावाने माल घेणारा कोणी दारात उभा असतोच असे नाही. हमीभावाने आपला माल सरकारी यंत्रणेस विकू शकणारे शेतकरी देशात अवघे सहा टक्के आहेत, असे शांताकुमार समितीने २०१५ साली सांगितले होते. राहिला ऊस. उसाचा भाव गाळपाचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच कळतो. तो केंद्र सरकार ठरविते, व त्याखाली देणे हा कायद्याने गुन्हा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी हा रास्त व किफायतशीर दर, सव्वादहा टक्के उताऱ्यास, क्विंटलमागे ३५५ रुपये ठरविला गेला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्यावर पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत पैसे चुकते झाले पाहिजेत, आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज दिले पाहिजे. तोडणीची टोळी कारखाना पाठवितो, वाहनही कारखानाच पाठवितो. ह्या पिकास गारपिटीची भीती नाही, कीड पडली तरी पीक समूळ जात नाही, राखण करावी लागत नाही. सोसायटीचे कर्जही उसावर जितक्या सहज मिळते तितके दुसऱ्या कोणत्याही पिकावर मिळत नाही. कारण वसुली कारखान्याच्या बिलातून परभारे होते.

आता ह्या पाच एकरांच्या धन्याने ऊस लावला, तर त्यास लोभी म्हणावे की शहाणा म्हणावे? सरकारी नोकरी मिळत असता जो दुकान घालीत नाही त्यास कोणी हावरा म्हणत नाही. ऊस ही जिराईत मुलुखातील सरकारी नोकरीच होय.

कायद्यातील चौदा दिवसांचे चौदा आठवडे होतात, हेही येथे सांगणे भाग आहे. थकलेल्या बिलांसाठी शेतकऱ्यांना दर एक-दोन वर्षांनी रस्त्यावर यावे लागते. २०२२ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने हा दर दोन हप्त्यांत देण्याची कारखान्यांस मुभा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये तो निर्णय रद्द केला. परंतु ज्या पिकाचे पैसे उशिरा मिळाल्याबद्दल न्यायालयात तरी जाता येते असे दुसरे पीक कोणते? तुरीच्या पडलेल्या भावाबद्दल दाद कोणाकडे मागावयाची?

ही घडी आजकालची नव्हे. तिला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि तिची सुरुवात मोठी मौजेची आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाच्या काळात दख्खनेत कालवे खोदण्यास चालना मिळाली. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. हेतू असा, की अवर्षणात ज्वारी-बाजरीस पाणी द्यावे आणि माणसे जगवावी. परंतु पाऊस बरा झाला त्या वर्षी ज्वारीवाला पाण्यास फिरकेना. आकाशातून फुकट मिळते त्याकरिता पट्टी कोण भरतो? खात्याच्या वहीत कालवा तोट्यात दिसू लागला. ऊसवाला मात्र बारा महिने पाणी घेई आणि पट्टीही मोठी भरी. तेव्हा जो कालवा दुष्काळासाठी खोदला तो जमाखर्च जुळविण्यासाठी उसाकडे वळला. पाण्याचा दर मोजून नव्हे तर पिकावर आणि एकरावर आकारला जात असल्यामुळे हात राखून पाणी देण्याचे ऊसवाल्यास काही कारणच नव्हते. पुढे थोड्याच वर्षांत कालव्याकाठच्या चांगल्या जमिनी चिबड होऊ लागल्या, कित्येक खारवल्या.

त्या वेळी पुण्याकडे एक तरुण इंजिनिअर होते, त्यांनी ह्या प्रश्नाचे मर्म ओळखले. ते म्हणजे विश्वेश्वरय्या. त्यांनी सुचविलेल्या व विसाव्या शतकाच्या आरंभी नीरेवर सुरू झालेल्या ब्लॉक पद्धतीत पाण्याचे वाटप ठराविक गटांपुरते बांधून दिले. गटातील सुमारे एक-तृतीयांश रानात ऊस घ्यावा व बाकीच्यात हंगामी पिके घ्यावी, फेरपालट व्हावी, आणि ह्या मोबदल्यात काही वर्षांच्या मुदतीपर्यंत पाण्याची हमी मिळावी, अशी ती योजना होती. उपदेश करून शेतकऱ्याचा ऊस कमी होईल असे त्यांनी मानले नाही. त्यांनी नियमाशी हमीची सांगड घातली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आजचे पुष्कळ सरकारी फर्मान ह्या दुसऱ्या अर्ध्या भागाविनाच निघते.

पुढे १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली. त्यापूर्वी सगळ्या हिंदुस्थानात साखरेचे कारखाने होते सुमारे तीस. चार-पाच वर्षांत ते सव्वाशेच्या वर गेले. त्याच साली सासवडकडील माळी बागाईतदारांनी, जे नीरेच्या कालव्यावर रानें खंडाने करून ऊस पिकवीत आले होते, माळशिरस तालुक्यात माळीनगर येथे आपला स्वतःचा कारखाना उभारण्याची कंपनी काढली. १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नाने सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि मग सरकारी भागभांडवल व कर्जाची सरकारी थकहमी मिळून कारखान्यांची रांगच लागली. ह्या कारखान्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, रस्ते केले. गावच्या मुलास इंजिनिअर केले. त्यांची निंदा करणे सोपे आहे, पण ती करणाऱ्याने हे पारडेही पाहिले पाहिजे. माळीनगरचे माळी किंवा प्रवरेचे कुणबी ह्यांपैकी कोणीही पाण्याची नासाडी करावी म्हणून घराबाहेर पडला नव्हता. सरकारने जिकडे दार उघडले तिकडे ते गेले.

दुसरे दार उघडून आत बोलाविले आणि मग तोंडावर लावून घेतले, असाही प्रकार घडलेला आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात शहरांतून तुरीची डाळ किलोस दोनशे रुपयांपर्यंत गेली. सरकार खडबडून जागे झाले. पुढील वर्षी तुरीचा हमीभाव बोनससह क्विंटलमागे ५,०५० रुपये केला आणि शेतकऱ्यांस कडधान्ये लावण्याचे आवाहन केले. त्याच २०१६ च्या जुलैत परदेशातून, मोझांबिकहून, पाच वर्षे कडधान्ये आणण्याचा करारही केला. पाऊस चांगला झाला. शेतकऱ्याने सरकारचे ऐकले. देशात तुरीचे उत्पादन आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे ४८ लाख टनांच्या वर गेले. झाले काय? बाजारभाव हमीभावाच्या खाली कोसळला. निर्यातीवरील जुनी बंधने तशीच होती. ती उठली २०१७ च्या सप्टेंबरात, माल विकून गेल्यावर. विदर्भ-मराठवाड्यातील खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या व ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. कोठे बारदान नाही, कोठे गोदामात जागा नाही. एप्रिलच्या २२ तारखेस मुदत संपली म्हणून केंद्रे बंद झाली, तेव्हाही माणसे आपल्या पोत्यांवर झोपलेलीच होती.

तूर हे पीक जमिनीस नत्र देते, पाणी थोडे घेते, मूळ खोल घालते. पर्यावरणाच्या दृष्टीने महाराष्ट्राच्या जिराईत रानास ह्याहून उपकारक पीक दाखविणे कठीण. ज्याने ते लावले त्यास शिक्षा झाली, आणि ज्याने शेजारी ऊस ठेवला त्यास बिल मिळाले. त्या वर्षी पोत्यांवर झोपलेल्या माणसास विहिरीस पाणी लागल्यावर पुढे काय लावावेसे वाटले असेल, ह्यासाठी फार मोठ्या संशोधनाची आवश्यकता नाही.

भावाची बाजू ही अशी. पाण्याच्या बाजूस तर मोलच नाही. विहिरीतील पाण्याची खरी किंमत म्हणजे ते वर काढण्यास लागणारी वीज. पंपाच्या विजेचे बिल पुष्कळ ठिकाणी मीटरवर नव्हे तर अश्वशक्तीवर आकारले जात आले. म्हणजे एक तास पंप चालविला काय आणि आठ तास चालविला काय, बिल तेच. २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर शेतीची वीज मोफत झाली व पुढल्या वर्षी ती सवलत मागे घेतली गेली. २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे वीज मोफत देण्याची योजना पुन्हा आली. लाभार्थी सुमारे ४४ लाख. कोरडवाहू मुलुखातील कर्जाने वाकलेल्या माणसाचे बिल माफ झाले ह्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. परंतु ज्याच्यापाशी पंपच नाही त्यास ह्या माफीतून छदामही मिळत नाही, ज्याचा पंप मोठा वेळ चालतो त्यास सर्वांत अधिक मिळते, आणि ज्याने पाणी जपले त्यास जपल्याबद्दल काहीच मिळत नाही.

सौर पंपाने हा प्रश्न सुटेल असे मानणारे पुष्कळ आहेत. कोळशाचा धूर त्याने कमी होतो, रात्री-अपरात्री साप-विंचवांतून पंप लावण्यास जावे लागत नाही, हे मोठे सुख आहे. परंतु सूर्याची वीजही एकदा पत्रे बसले म्हणजे फुकटच. विहिरीस तिचा धाक काय वाटणार? गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचे गाव आहे. तेथील काही शेतकऱ्यांनी २०१६ च्या सुमारास सौर पंपांची सहकारी मंडळी काढली, आणि पंपास न लागलेली वीज कंपनीस विकण्याचा करार केला. पंप चालू ठेवला तर पाणी मिळते, बंद ठेवला तर पैसे मिळतात. मग शेतकरी आपोआपच पिकास लागेल तेवढेच पाणी काढू लागतो. त्यास कोणी जलसाक्षरतेचे व्याख्यान द्यावे लागत नाही. योजना लहान आहे, सगळीकडे ती जशीच्या तशी चालेल असे नाही, परंतु तिच्यातील कल्पना फार मोलाची आहे. न काढलेल्या पाण्यास तिने किंमत आणली.

आता इथेनॉलाकडे वळले पाहिजे. कारण सध्या उसाच्या बाजूने जो सर्वांत जोरदार युक्तिवाद केला जातो तो पर्यावरणाच्याच नावाने. पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ साली तीन ठिकाणी झाले. बरेली, मनमाड आणि मिरज. ज्या मिरजेहून पुढे पंधरा वर्षांनी लातूरची पाण्याची गाडी सुटावयाची होती तीच ही मिरज. २०१४ पर्यंत मिश्रणाचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास रेंगाळत होते. मग सरकारने एकामागून एक किल्ल्या फिरविल्या. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाचा रस व बी-हेवी मळी ह्यांपासूनही इथेनॉल करण्यास परवानगी दिली. करही १८ वरून ५ टक्क्यांवर आणला. कारखान्यांस आसवन्या उभारण्याकरिता घेतलेल्या कर्जाच्या व्याजात सवलत दिली. प्रत्येक प्रकारच्या इथेनॉलास निरनिराळा भाव बांधून दिला. २०२२ च्या जूनमध्ये प्रमाण दहा टक्के झाले, आणि २०३० साठी ठरविलेले वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले. दीड टक्क्यावरून वीस टक्क्यांवर! सरकारने मनावर घेतले आणि भाव व खरेदीदार दोन्ही निश्चित केले, म्हणजे एखादा सबंध उद्योग किती थोड्या वर्षांत वळतो, ह्याचे याहून ठळक उदाहरण आपल्या देशात सापडणार नाही.

इथेनॉलाने परदेशी तेलाचा खर्च वाचतो, कारखान्यास रोख पैसा मिळून शेतकऱ्याचे बिल लवकर निघते. हे लाभ खरे आहेत. परंतु नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच असा हिशेब दिलेला आहे, की उसापासून केलेल्या एक लिटर इथेनॉलामागे सुमारे २,८६० लिटर पाणी पडते. मळीपासून निघणाऱ्या इथेनॉलावर हा सगळा बोजा टाकणे न्यायाचे नाही, कारण साखर करावयाची म्हटले की मळी निघतेच. पण केवळ इंधनाकरिता रस वळवावयाचा, तर धुराच्या ऐवजी विहीर खर्ची पडते, हे कबूल करून मग काय तो निर्णय घ्यावा. आणि साखरेचे तरी काय? त्याच आराखड्याप्रमाणे एक किलो साखरेमागे १,६०० ते २,००० लिटर पाणी लागते. म्हणजे एक टन साखर देशाबाहेर गेली, की तिच्याबरोबर लातूरच्या त्या पहिल्या गाडीसारख्या तीन गाड्यांहून अधिक पाणी जाते. २०१९-२० च्या हंगामात साखर बाहेर जावी म्हणून सरकारने टनामागे १०,४४८ रुपये पदरचे दिले होते. कोरड्या मुलुखाने आपले पाणी पदरमोड करून परदेशी पाठवावे, हा अजब व्यवहार होय.

बांधलेल्या भावाचा दुसरा दोष म्हणजे लहर. २०२३ च्या ऑगस्टात पावसाने ओढ दिली, साखर कमी पडेल अशी धास्ती वाटू लागली, आणि त्या वर्षीच्या ७ डिसेंबरास, गाळप ऐन भरात असता, रसापासून इथेनॉल करण्यास एकाएकी बंदी झाली. पुढे काही अंशी ती सैल केली; पुरती उठली ती २०२४ च्या ऑगस्टअखेर. कर्ज काढून आसवन्या बांधलेल्या कारखान्यांनी कपाळास हात लावला. त्याच सुमारास मक्याच्या इथेनॉलास लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे भाव मिळाला, रसाच्या इथेनॉलास ६५ रुपये ६१ पैसेच राहिला. आणि पाहता पाहता इथेनॉलाकरिता लागणाऱ्या कच्च्या मालात मक्याने उसास मागे टाकले. कोंबड्या पाळणारे मक्याच्या भावाने हवालदिल झाले, पण तो विषय निराळा. सांगावयाचे एवढेच, की सहा रुपयांच्या फरकाने जे घडले ते साठ परिषदांनी घडले नसते.

मग नियम करून उसास आवर घालता येणार नाही काय? येतो. पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे ह्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीची जी पद्धत बसविली, तिचे नियम असे: पाणी जमिनीवर नव्हे तर माणसांवर वाटावयाचे, माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबात कितीही माणसे असली तरी अडीच एकरांपलीकडे नाही, ज्यास जमीन नाही त्यासही पाण्याचा हक्क, जमीन विकली तरी हक्क तिच्याबरोबर जात नाही, आणि ऊस लावावयाचा नाही. ज्या पुरंदरातून माळी बागाईतदार उसाच्या पाठोपाठ कालव्यांवर गेले, त्याच पुरंदरात पुढे कित्येक वर्षांनी उसास बंदी करणारी पंचायत उभी राहावी, हा इतिहासाचा खेळ होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारनेही पोपटराव पवार ह्यांच्या काळात हेच केले. शेतीसाठी खोल विंधनविहिरी नाहीत, ऊस नाही, केळी नाही, आणि पाऊस मोजून दर साल पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा. मात्र हिवऱ्यात नुसती बंदी नव्हती. चारा वाढला, दुधाचा धंदा उभा राहिला, आणि उसाचे पैसे गेले तेथे दुधाचे पैसे आले. नाशिककडे वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या संस्था पाणी मोजून घेतात व मोजून वाटतात. तेथे थोड्या पाण्यात अधिक पैसा देणारी द्राक्षे व भाजीपाला वाढला. पाणी मोजले गेले म्हणजे ते आपोआप मोलाचे होते.

ह्याच्या उलट सरकारी बंदीची कथा. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात बारमाही पिकांस ठिबकानेच पाणी देण्याची तरतूद आहे. २०१७ साली उसाकरिता ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णयही झाला. ठिबकाने पाणी खासच वाचते. परंतु वाचलेल्या पाण्याचे काय करावयाचे हे कोणीच ठरविले नाही. तेव्हा पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याने त्यावर आणखी एक एकर ऊस लावला, आणि ज्यांस ठिबक परवडले नाही त्यांचा पाट पूर्वीसारखाच वाहत राहिला. ह्यातही शेतकऱ्याचे चुकले असे म्हणता येत नाही. भाव उसाचा, बाजार उसाचा, कर्ज उसाचे, आणि सक्ती मात्र नळीची.

करावयाचे ते काय, हे ह्यावरून उघड होते. जेवढी खात्री सरकारने उसास दिली आहे तिच्या निम्मी तरी तूर, हरभरा, ज्वारी व करडई ह्यांस द्यावी. म्हणजे भाव जाहीर करून न थांबता, त्या भावाने खरेदी करणारा माणूस, बारदान आणि गोदाम ह्यांसह, सुगीपूर्वीच उभा करावा. ज्वारी खरेदी करून ती शाळांतील भोजनात व रेशनच्या दुकानांत घातली, तर तीस गिऱ्हाईक शोधण्यासही कोठे दूर जावयास नको. विजेची माफी द्यावयाचीच तर ती रोख द्यावी, आणि वीज मोजून विकावी. वाचविलेल्या युनिटाचे पैसे ज्याचे त्यास राहू द्यावे. नव्या कारखान्यास परवाना देताना दोन कारखान्यांमधील अंतर फूटपट्टीने मोजतात, महाराष्ट्रात ते २५ किलोमीटर धरले आहे. त्याबरोबर त्या खोऱ्यात पाणी किती आहे तेही मोजावे. ह्यांतील एकही गोष्ट एका रात्रीत होण्यासारखी नाही, आणि एक केली व दुसरी राहिली, तर २०१७ च्या तुरीसारखी गत व्हावयाची.

ह्या सगळ्या हिशेबात ज्यांचे नाव कोठेच येत नाही अशी लाखो माणसे आहेत. बीड, धाराशिव, जालना ह्या जिल्ह्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बायकामुलांसह, बैलगाडीसह निघून जी पश्चिमेकडे ऊस तोडावयास जातात, ती माणसे. त्यांच्या स्वतःच्या गावात पाणी नाही म्हणून ती जातात, आणि जेथे आहे ते पाणी ज्या उसाने प्यालेले असते तोच ऊस कापतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल आधी घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता थांबत नाही. तोडणीचा व वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या दरातून वजा होतो, म्हणून तोडणीची मजुरी वाढली की शेतकरी कुरकुरतो. कारखाना दोघांच्या मध्ये बसून वजनकाटा धरतो. साखर संघाशी होणाऱ्या करारांनी ही मजुरी अधूनमधून वाढते. राज्यात त्यांच्यासाठी एक कल्याण महामंडळही निघाले आहे. अलीकडे तोडणीची यंत्रे घेण्यास सरकार अनुदान देऊ लागले आहे. यंत्र आले म्हणजे ह्या माणसांनी काय करावयाचे, हा प्रश्न त्या अनुदानाच्या अर्जात नाही. त्यांची रानें जिराईत आहेत, आणि तूर येते ती तेथेच येते.